एक डोळा उजेडात, एक अंधारात

परभणी जिल्ह्यातील जिंतूर गावापासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरीची टेकडी आहे. भगवान नेमिनाथांची विशाल मूर्ती आणि एका लहानशा पाषाणखंडावर टेकलेली, पाहणाऱ्यास अधांतरी भासणारी भगवान पार्श्वनाथांची मूर्ती यांमुळे हे क्षेत्र दूरदूरच्या यात्रेकरूंना परिचित आहे. येथे सात गुंफा आहेत आणि त्यांची दारे ठेंगणी आहेत. मान लववल्यावाचून आत जाता येत नाही. वैशाखातल्या दुपारी मराठवाड्याचे ऊन अंगावर घेत कोणी टेकडी चढून येतो, वाकून आत पाऊल टाकतो आणि क्षणभर थबकतो. समोर मूर्ती आहे हे त्याला ठाऊक असते. दिसत मात्र काही नाही. मागून एखादा जाणता म्हणतो, “थांबा थोडे, डोळे सरावू द्या.” मग हळूहळू प्रथम मूर्तीची कडा, नंतर मुख आणि नंतर भिंतीचा खडबडीतपणा उलगडत जातो.

गुंफेतला उजेड या अवधीत वाढलेला नसतो. जे बदलले ते पाहणाऱ्याच्या डोळ्यात बदलले. नेमके काय बदलले, हे कोणतेही उपकरण विकत न आणता घरच्या घरी पाहता येते. त्यासाठी एक जाडसर काळे कापड, एक घड्याळ आणि अर्ध्या तासाचा धीर एवढे पुरेसे आहे.

प्रयोगाची मांडणी

रात्री जेथे बाहेरचा प्रकाश फारसा येत नाही अशी खोली निवडावी. खोलीतील दिवे पूर्ण लावून ठेवावेत. समोरच्या भिंतीवर पोस्टकार्डाएवढ्या पाच पांढऱ्या चिठ्ठ्या वेगवेगळ्या उंचीवर चिकटवाव्यात. चिठ्ठ्या लावण्याचे काम प्रयोगात भाग न घेणाऱ्या व्यक्तीने करावे, म्हणजे कोणती कोठे आहे हे पाहणाऱ्यास आधी कळणार नाही. दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीतला अगदी अंधुक उजेड येईल एवढी सोय असावी. निबिड काळोखात कोणताच डोळा पाहू शकत नाही.

प्रयोग करणाऱ्याने खुर्चीवर बसून एका डोळ्यावर काळ्या कापडाची चौपदरी घडी सैलसर बांधावी. बुबुळावर दाब येता कामा नये आणि कडेने उजेडही आत शिरता कामा नये. केवळ पापणी मिटून भागत नाही, कारण पापणीतून बराच प्रकाश आत जातो. ज्यांच्या डोळ्याची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी हा भाग करू नये. दुसरा डोळा उघडा ठेवून लख्ख उजेडात वाचन करावे किंवा गप्पा माराव्यात. अशी पंचवीस ते तीस मिनिटे जाऊ द्यावीत. सामायिकाच्या ४८ मिनिटांपेक्षा हा अवधी कमीच आहे.

नंतर दुसऱ्या कोणी दिवे मालवावेत. बसलेल्याने जागेवरून उठू नये. प्रथम फक्त उघड्या डोळ्याने पाहावे. खोली काळ्या रंगात बुडवल्यासारखी वाटेल. आता तो डोळा तळहाताने झाकावा आणि दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी काढावी. जो हे प्रथमच करतो तो हमखास चकित होतो. तीच खोली, तोच क्षण, तोच उजेड. तरीही कपाटाची कड, खुर्चीची पाठ, भिंतीवरच्या चिठ्ठ्या एकेक करून दिसू लागतात. पुन्हा पहिल्या डोळ्याने पाहावे, तर पुन्हा काळोख. एकाच माणसाला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या खोल्या दिसत आहेत, असा तो अनुभव असतो.

उत्तर बाहुलीत नाही

डोळे अंधाराला कसे सरावतात असे विचारले, तर बहुतेक जण सांगतात की अंधारात बाहुली मोठी होते आणि जास्त उजेड आत घेते. हे खोटे नाही, पण अपुरे आहे आणि वरील प्रयोग हा अपुरेपणा उघड करतो. निरोगी माणसाच्या दोन्ही बाहुल्या जोडीने लहानमोठ्या होतात. एका डोळ्यावर उजेड टाकला तरी दुसऱ्याचीही बाहुली आकसते. नेत्रवैद्य छोटी विजेरी घेऊन हेच तपासत असतात. म्हणजे दिवे मालवल्यावर प्रयोग करणाऱ्याच्या दोन्ही बाहुल्या सारख्याच रुंदावलेल्या असतात. तरीही एक डोळा पाहतो आणि दुसरा पाहत नाही. तेव्हा फरकाचे कारण बाहुलीच्या मागे, डोळ्याच्या आतल्या पडद्यात, म्हणजे दृष्टिपटलात शोधले पाहिजे.

हिशेबही हेच सांगतो. बाहुलीचा व्यास फार तर दोन मिलिमीटरपासून आठ मिलिमीटरपर्यंत वाढतो. व्यास चौपट म्हणजे क्षेत्रफळ सोळापट. उलट भर दुपारचे ऊन पौर्णिमेच्या चांदण्याहून सुमारे चार लाख पटींनी प्रखर असते आणि माणूस दोन्हींत वावरू शकतो. सोळापटीच्या दाराने चार लाखांची तफावत भरून निघणे शक्य नाही. उरलेले काम दुसऱ्या कोणीतरी केलेले असले पाहिजे.

दोन प्रकारचे कामगार

दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या दोन प्रकारच्या पेशी असतात. शंक्वाकार पेशी सुमारे ६० लाख असतात. भरपूर उजेडात त्या काम करतात आणि रंग व बारकावा दाखवतात. दंडाकार पेशींची संख्या सुमारे १० कोटींच्या घरात आहे. त्या अत्यल्प उजेडातही काम करतात. मात्र त्यांना रंग ओळखता येत नाहीत आणि बारीक अक्षरही वाचता येत नाही. दिवसाची पेढी पहिल्या सांभाळतात, रात्रीची दुसऱ्या.

दंडाकार पेशींत एक जांभळट लाल द्रव्य असते. त्याचे नाव ऱ्होडॉप्सिन. इ. स. १८७६ मध्ये फ्रान्झ बोल या जर्मन शास्त्रज्ञाला रोम येथे बेडकाच्या दृष्टिपटलाचा अभ्यास करताना असे आढळले, की अंधारात ठेवलेल्या डोळ्याच्या पडद्याचा रंग लाल असतो आणि उजेड पडताच तो पाहता पाहता फिका पडतो. प्रकाशाने हे द्रव्य खर्ची पडते आणि अंधारात ते पुन्हा तयार होते. या द्रव्याचा एक घटक ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनतो. दृष्टिपटलात ‘अ’ जीवनसत्त्व असते, हे जॉर्ज वाल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये दाखवून दिले. दृष्टीच्या या रसायनाचा उलगडा केल्याबद्दल १९६७ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला.

व्यापारी घरातील वाचकांना हा व्यवहार समजावून सांगावा लागणार नाही. ऱ्होडॉप्सिन ही शिल्लक, प्रकाश हा खर्च आणि अंधार ही जमा. उजेडात बसलेल्या डोळ्याच्या खात्यातली शिल्लक जवळजवळ संपलेली असते. झाकलेल्या डोळ्याच्या खात्यात मात्र अर्धा तास केवळ जमाच होत राहिलेली असते. दोन्ही खाती एकाच माणसाच्या नावावर असली, तरी एकातली रक्कम दुसऱ्यात वळती करता येत नाही. प्रत्येक डोळ्याला आपली शिल्लक स्वतःच उभी करावी लागते.

ही जमा सावकाश होते. अंधारात गेल्यावर पहिल्या दहाएक मिनिटांत शंक्वाकार पेशी आपल्या क्षमतेच्या टोकाला पोहोचतात. त्यापुढे दंडाकार पेशी सरसावतात आणि त्यांची तयारी पूर्ण होण्यास अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. खर्चाला मात्र वेळ लागत नाही. दिवा लावताच मिळवलेले बरेचसे क्षणात जाते. म्हणून रात्री अंथरुणात भ्रमणध्वनीचा लखलखीत पडदा पाहून लगेच उठणाऱ्याला खोलीतला रस्ता दिसत नाही.

जोडीला आणखी दोन पडताळे

याच खोलीत आणखी एक गंमत पाहता येते. घरातल्या कपड्यांतून उजेडात साधारण सारखेच उठावदार वाटणारे एक लाल आणि एक निळे कापड शोधून भिंतीवर लावावे. डोळे सरावल्यावर पाहिले, तर दोन्हींचा रंग हरपलेला असेल. पण लाल कापड जवळजवळ काळे आणि निळे मात्र फिकट करडे दिसेल. दंडाकार पेशी तांबड्या प्रकाशाला जवळजवळ दादच देत नाहीत, हे त्याचे कारण. पहाटेच्या अंधुक उजेडात लाल फुले काळपट आणि निळी उजळ दिसतात, हे यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात नोंदवून ठेवले आहे. लुगड्याचा रंग पाहायचा तर ते दुकानाच्या दाराशी, दिवसाच्या उजेडात नेऊन पाहण्याची जुन्या गिऱ्हाइकांची रीत त्यामुळेच रास्त होती. सेलू, मानवत, परभणीच्या बाजारांत कापसाचा पांढरेपणा आणि पिवळसर झाक पारखणारी अनुभवी नजरही शंक्वाकार पेशींच्याच बळावर काम करते. दिवस मावळल्यावर ती कितीही तरबेज असली तरी तिचा निवाडा डळमळतो.

या दुबळेपणाचा उपयोगही करून घेता येतो. विजेरीच्या तोंडाला गडद लाल पारदर्शक कागद लावला, तर त्या उजेडात शंक्वाकार पेशी पाहू शकतात आणि दंडाकार पेशींची शिल्लक फारशी खर्ची पडत नाही. पूर्वी क्षकिरणांची अंधुक प्रतिमा अंधाऱ्या खोलीत पाहावी लागे. त्या काळी तज्ज्ञ डॉक्टर तांबड्या काचांचा चष्मा घालून बाहेर वावरत, तो एवढ्यासाठीच.

दुसरा पडताळा गच्चीवर करावा. कार्तिकात सायंकाळनंतर पूर्वेला कृत्तिकांचा पुंजका दिसतो. त्याच्यावर थेट नजर रोखली, तर त्यातल्या अंधुक तारका विझल्यासारख्या वाटतात. नजर किंचित बाजूला वळवली, की त्या पुन्हा उमटतात. ज्या बिंदूने माणूस थेट पाहतो त्या दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत दंडाकार पेशी नसतातच. त्या सभोवार पसरलेल्या असतात. अंधारात ज्याच्याकडे रोखून पाहावे तेच दिसेनासे होते, ही लहानपणी अनेकांना घाबरवणारी गोष्ट एवढ्या साध्या कारणाने घडते.

घरातील सर्वांनी एकत्र बसावे

आतापर्यंतचा भाग कुतूहलाचा झाला. हा प्रयोग एकट्याने न करता घरातील सर्वांनी मिळून करावा, असे सुचवण्यामागे मात्र अधिक गंभीर कारण आहे.

कोणाच्याही डोळ्यांवर पट्टी न बांधता सर्वांनी दहा मिनिटे लख्ख उजेडात बसावे. मग दिवे मालवावेत आणि पाच चिठ्ठ्यांपैकी कोणाला कोणती किती वेळाने दिसली, हे एकेकाने सांगावे. एखाद्या घरातील बैठक डोळ्यांपुढे आणून पाहावी. काही मिनिटे गेली आहेत. नात उत्साहाने चिठ्ठ्या मोजते आहे.

“आजोबा, ती खिडकीखालची पाचवी दिसली ना तुम्हाला?”

“खिडकी कोठे आहे, बाळ?”

खोलीत कोणी हसत नाही. मुलाच्या लक्षात येते, की वडील गेले वर्षभर संध्याकाळी दुकानातून लवकर निघू लागले आहेत. सुनेला आठवते, की मामंजी रात्री पाण्यासाठी उठत नाहीत, तांब्या उशाशीच ठेवून घेतात. यातले काहीच त्यांनी कधी बोलून दाखवलेले नसते. कदाचित त्यांना स्वतःलाही त्याचा पत्ता नसतो. अंधार सर्वांनाच इतका दाट दिसत असेल, असेच ते धरून चाललेले असतात.

दृष्टीच्या बाबतीत हीच मोठी अडचण आहे. आपल्याला किती दिसते हे प्रत्येकाला ठाऊक असते. दुसऱ्याला किती दिसते हे कोणालाच ठाऊक नसते. दुखणाऱ्या गुडघ्याने माणूस कण्हतो, मंदावलेल्या दृष्टीने तो केवळ आपले फिरणे आवरते घेतो. घरातले लोक त्याला वय म्हणतात. लहान मूल तर तक्रारही करीत नाही. तिन्हीसांजेला अंगणात खेळायचे सोडून ते आईजवळ येऊन बसते, ओळखीच्या उंबऱ्याला अडखळते आणि धांदरट म्हणून बोलणी खाते. पाच चिठ्ठ्या भिंतीवर लावून एकत्र बसल्याने आजाराचे निदान होत नाही. पण एरवी कधीच समोरासमोर न येणाऱ्या दोन डोळ्यांची तुलना मात्र होते.

वयाचा वाटा यात असतोच. उतारवयात बाहुली पूर्वीसारखी रुंदावत नाही, भिंग पिवळसर होते आणि ऱ्होडॉप्सिनची जमा सावकाश होते. विशीतल्या डोळ्याच्या मानाने साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. म्हणून नातीला दिसलेली चिठ्ठी आजोबांना उशिरा दिसली, तर एवढ्यावरून घाबरून जाण्याचे कारण नाही. पण मुळीच दिसली नाही, फरक फार मोठा असला, किंवा वर्षापूर्वीपेक्षा तो वाढलेला असला, तर नेत्रवैद्याकडे जाण्यास विलंब करू नये. वाढता मोतीबिंदू, दूरचे न दिसण्याचा बदललेला नंबर, काचबिंदू, मधुमेहाने दृष्टिपटलावर केलेला परिणाम यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. काही घराण्यांत दृष्टिपटलाचा एक आनुवंशिक विकार असतो. त्याची सुरुवात रात्री न दिसण्याने होते आणि पुढे कडेची नजर आकसत जाते. भावंडांपैकी एकाला तो असल्यास इतरांचीही तपासणी करून घेणे शहाणपणाचे असते. तपासणीच्या वेळी थेंब घालून बाहुली मोठी केली जाते आणि काही तास धूसर दिसते. म्हणून सोबत कोणीतरी असावे आणि त्या दिवशी वाहन चालवू नये.

आहाराचा प्रश्न

रातांधळेपणा म्हटला की गाजराचे नाव निघते आणि कंदमुळे वर्ज्य करणाऱ्या घरांत एक अवघड प्रश्न उभा राहतो. गाजर न खाणाऱ्यांच्या डोळ्यांचे काय? याचे उत्तर निःशंकपणे देता येते. शरीराला गाजराची गरज नसून त्यातील केशरी द्रव्याची गरज असते आणि शरीर त्यापासूनच ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. हे द्रव्य जमिनीच्या वर वाढणाऱ्या अनेक वस्तूंत आहे. शेवग्याची पाने, राजगिऱ्याची व चवळईची भाजी, पालक, मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता, लाल भोपळा, पिकलेला आंबा, पपई हे सर्व त्यात येतात. हिरव्या पानांत केशरी रंग दिसत नाही, कारण तो हिरव्या रंगाखाली झाकलेला असतो. दूध, लोणी व तूप यांतून तर ‘अ’ जीवनसत्त्व तयार स्वरूपातच मिळते. पालेभाजी अगदी कोरडी न खाता तेलातुपाच्या फोडणीसह खाल्ली, म्हणजे हे द्रव्य अंगी लागते.

चातुर्मासात किंवा पर्वतिथींना हिरव्या भाज्यांचा त्याग करणाऱ्यांनीही धास्ती बाळगण्याचे कारण नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या यकृतात या जीवनसत्त्वाचा काही महिने पुरेल इतका साठा असतो. काही दिवसांच्या त्यागाने तो आटत नाही. मात्र यकृताचा किंवा आतड्यांचा जुनाट विकार असेल, तर खाल्लेले अंगी न लागल्याने उणीव निर्माण होऊ शकते. लहान मुलांचा साठा थोडा असतो. म्हणून भारत सरकारने १९७० पासून बालकांना ‘अ’ जीवनसत्त्वाचे डोस देण्याचा कार्यक्रम चालवला आहे. नवव्या महिन्यात पहिला आणि नंतर दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांचे होईपर्यंत एकूण नऊ डोस दिले जातात. पहिले एक-दोन डोस घेऊन पुढचे विसरले जाणे ही सुशिक्षित घरांतलीही गोष्ट आहे. बालकाचे लसीकरणाचे पत्रक एकदा काढून पाहावे. उलटपक्षी, डोळ्यांना चांगले म्हणून या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. हे जीवनसत्त्व शरीरात साठत जाते आणि अतिरेकाने अपाय करते. गर्भवतींनी तर वैद्यांच्या सल्ल्यावाचून अशा गोळ्यांना हातही लावू नये.

मावळत्या उजेडाची मर्यादा

सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम जैन घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. मुनींच्या ईर्यासमितीत दिवसाच्या उजेडात, पुढची चार हात भूमी निरखीत चालण्याची अपेक्षा असते. सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये, ही त्यामागील भूमिका सर्वश्रुत आहे. वरील प्रयोगानंतर त्यातला एक व्यावहारिक अर्थ अधिक स्पष्ट होतो. तिन्हीसांजेला माणसाला वाटते की अजून चांगले दिसते आहे. भांडी, भिंती, माणसे दिसतातही. पण बारकावा दाखवणाऱ्या पेशी तोवर माघार घेऊ लागलेल्या असतात आणि ताटातली वा पावलाखालची मुंगी नजरेतून निसटते. दिसत नाही हे कळण्याच्या आधीच दिसेनासे झालेले असते. धर्माच्या नियमांना विज्ञानाच्या प्रमाणपत्राची गरज आहे असे नव्हे; परंतु नियम करणाऱ्यांनी माणसाच्या डोळ्याची मर्यादा नीट ओळखली होती, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

ही मर्यादा रस्त्यावर अधिक महाग पडते. वसुलीसाठी किंवा बाजाराच्या कामासाठी गेलेले कितीतरी व्यापारी रात्री स्वतः गाडी हाकत परततात. समोरच्या वाहनाचा प्रखर झोत डोळ्यांवर पडतो, शिल्लक एका क्षणात खर्ची पडते आणि पुढचे काही सेकंद गाडी अक्षरशः न पाहता चालत असते. याच वेळी दिवा नसलेली बैलगाडी किंवा कडेने चालणारा पादचारी समोर असला, तर काय होईल हे सांगण्याची गरज नाही. झोताकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी, वेग कमी करावा, स्वतःचा झोतही खाली करावा. पन्नाशीनंतर ज्यांना समोरचे दिवे पसरट, फुटल्यासारखे दिसू लागतात त्यांनी ही गोष्ट घरात सांगावी आणि डोळे तपासून होईपर्यंत रात्रीचे वाहन दुसऱ्याच्या हाती द्यावे. एक दिवस मुक्काम वाढला, तर धंदा बुडत नाही.

घरात करावयाच्या गोष्टी याहून सोप्या आहेत. वडीलधाऱ्यांच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर जमिनीलगत एक मंद, तांबूस दिवा रात्रभर असू द्यावा. पायऱ्यांच्या कडांना पांढरी पट्टी ओढावी, कारण दंडाकार पेशींना रंग कळत नसला तरी काळ्यापांढऱ्यातला भेद कळतो. वाटेतले पायपोस, पाट, चपला झोपण्यापूर्वी उचलाव्यात. आणि गुंफेत असो, मंदिरात असो वा वीज गेलेल्या घरात असो, उजेडातून आत येणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला “चला लवकर” असे म्हणू नये. त्याचा हात धरून दाराशी थोडा वेळ उभे राहावे. त्याला किती दिसते ते त्यालाच विचारावे आणि मगच पुढचे पाऊल टाकावे.